सहा महिन्यांची नेमणूक

हुकूम आला तेव्हा ठकू दोन वर्षं दोन महिन्यांची होती आणि अंगावरच्या कांजिण्यांच्या खपल्या अजून पुरत्या पडल्या नव्हत्या. कागद चार ओळींचा होता. आघाडीजवळचं फिरतं इस्पितळ, नेमणूक सहा महिने, आठ दिवसांत हजर व्हावं.

ठकूची आई सैन्यात भूलतज्ज्ञ होती, हुद्दा मेजर. बाप नौदलाच्या जहाजावर डॉक्टर, पण हुद्द्यानं बायकोपेक्षा एक पायरी खाली. त्यामुळे सुट्टीवर घरी आला की चहा मागण्याआधी तो दारात टाचा जुळवून कडक सलाम ठोकायचा. त्याचं ऐकून घरीदारी सगळे तिला मेजरच म्हणायला लागले होते. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातली जेमतेम सव्वादोन वर्षं दोघं एका छपराखाली राहिले होते. हे असंच होणार हे दोघांनाही लग्नाआधी ठाऊक होतं. सैन्याच्या खर्चानं शिक्षण झालं होतं, बदल्यात पंधरा वर्षांची नोकरी लिहून दिली होती. दगडाखाली हात होता खरा, पण तो आपणहून घातलेला होता. आणि मेजरला आपलं काम मनापासून आवडायचं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

जहाज तेव्हा समुद्रात होतं, परतायला चार महिने होते. मेजरचे स्वतःचे आईवडील केव्हाच गेलेले. राहता राहिल्या वन्सं.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वय पंचेचाळीस, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एका लहान शहरात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला राहायच्या दोन खोल्या. बोलायला फटकळ, पण गिऱ्हाईक तुटत नसे. चष्मा असा बसवून द्यायच्या की तो नाकावर आहे हे माणूस विसरायचा आणि घरभर शोधत हिंडायचा.

"सहा महिन्यांचं काय घेऊन बसलीस," त्या फोनवर म्हणाल्या. "माझ्याकडे लोक चष्मा दुरुस्तीला टाकून जातात ते वर्षानं उगवतात. आण पोरीला."

मेजर ठकूला घेऊन गेली, दोन दिवस राहिली. कुठली लस कधी, तापाच्या औषधाचे थेंब किती, काय खाते, कशाला घाबरते, सगळं एका कागदावर लिहून तिनं तो भिंतीला चिकटवला. निघायच्या सकाळी वन्सं म्हणाल्या, "सांगून निघालीस तर रडून घर डोक्यावर घेईल. खेळतेय तोवर नीघ." ठकू काउंटरवर बसून एक रिकामी फ्रेम नाकावर चढवायच्या खटपटीत होती. मेजर मागच्या दारानं निघाली. हे चांगलं केलं की वाईट, ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

फिरतं इस्पितळ म्हणायचं, पण ते एका रिकाम्या शाळेत मुक्काम ठोकून होतं. सातवीच्या वर्गात शस्त्रक्रिया चालायच्या. फळ्यावर त्या दिवसाच्या जखमींची यादी असायची आणि वरच्या कोपऱ्यातली 'हजर मुले, हजर मुली' ही चौकट कुणाच्या हातून पुसली गेली नव्हती. जवान मेजरला 'झोपबाई' म्हणायचे. वीस-बावीस वर्षांची पोरं. तोंडावर मास्क धरला की त्यातली निम्मीअधिक डोळे मिटता मिटता आईला हाक मारायची. पहिला महिनाभर मेजर गप्प राहिली. मग एकाच्या हाकेला तिच्या तोंडून "हो रे, इथंच आहे" असं निघून गेलं आणि पोरगा शांत झाला. त्यानंतर ती प्रत्येकालाच ओ देऊ लागली.

दर रविवारी दहा मिनिटं फोन मिळायचा. सुरुवातीला ठकू फोनमध्ये नुसता श्वास सोडायची. पुढे गाणी म्हणायला लागली, मग अक्षरं. वन्संनी तिला दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावरून अक्षरं शिकवली होती. त्यामुळे वरचं मोठं अक्षर ती ओरडून म्हणायची आणि ओळी लहान होत जातील तसा आवाजही बारीक करत न्यायची. शेवटची ओळ नुसती कुजबुज. मेजर फोन कानात रुतवून ऐकायची. ती शेवटची ओळ खरखरीत बुडून जायची, तिला एकदाही ऐकू आली नाही.

सहा महिने संपले. मधे जहाज परतलं, पण ठकूचा बाप चार दिवस वन्संकडे राहून पुन्हा समुद्रावर गेला. बदली यायचा होता तो डॉक्टर वाटेतच काविळीनं आडवा झाला. दुसरा नेमला, तर त्याला ऐनवेळी तिसरीकडेच पाठवलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं चाललं होतं. तेवढ्यात लढाई पेटली आणि सगळ्यांच्याच रजा बंद झाल्या.

दीड वर्ष होत आलं तेव्हा इस्पितळाच्या प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. ते निवृत्तीला टेकलेले सर्जन होते, बोलणं तुटक.

"पंधरा दिवसांची रजा काढलीय तुझ्यासाठी. परवा गाडी जातेय. मुलीला बघून ये."

"माझ्या जागी कोण, सर?"

"कुणी नाही. ती माझी डोकेदुखी. जाणार असशील तर आत्ता हो म्हण."

त्याच दिवशी वरच्या ठाण्यावरून निरोप आला होता की जखमींच्या गाड्या निघाल्या आहेत. दीडशे किलोमीटरच्या टापूत दुसरा भूल देणारा नव्हता. मेजरनं अर्धा दिवस मागून घेतला आणि नाही म्हणाली. त्या आठवड्यात तिनं तेवीस जणांना भूल दिली, एकोणीस वाचले. तेव्हा गेली असतीस तर, असं पुढे लोकांनी तिला पुष्कळदा विचारलं, आणि तिनं स्वतःला त्याहून जास्त वेळा. त्या एकोणीस जणांतले काही चेहरे डोळ्यांपुढे यायचे आणि उत्तर अर्ध्यातच राहायचं.

दोन वर्षं नऊ महिन्यांनी ती परत आली. गणवेश बॅगेत, अंगावर साधे कपडे. दुकानाच्या पायरीवर एक मुलगी खडूनं फरशीवर रेघोट्या ओढत होती. गुडघ्यावर टाके घातल्याची जुनी खूण होती. ती कधीची, कशाची, हे मेजरला माहीत नव्हतं. मुलीनं वर पाहिलं, खडू बाजूला ठेवला, उठून फ्रॉक झटकला आणि आत तोंड करून म्हणाली, "आई, मामी आल्या."

वन्सं धावत बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"शंभरदा सांगितलंय गं तिला. रोज फोटो दाखवते. ही तुझी आई, मी आत्या, असं घोकून घेते. समोर हो म्हणते आणि पाठ फिरली की..."

शेजारी औषधाचं दुकान होतं, तिथल्या मुलींनी ठकूला नाती शिकवली होती. आईच्या भावाला मामा म्हणतात. वन्संना ती कुणी न शिकवताच आई म्हणायला लागली होती. मग जहाजावरून खेळणी पाठवणारा, आईला ताई म्हणणारा माणूस तो मामा, आणि मामाची बायको ती मामी. पोरीचं गणित पक्कं होतं, त्यात चूक काढायला जागा नव्हती.

"असू द्या, वन्सं," मेजर म्हणाली आणि पायरीवरच बसली.

ठकूनं आतून पाण्याचा पेला आणला, दोन्ही हातांनी धरून, थेंब न सांडता. "तुम्ही दमलात का?" तिनं विचारलं.

आईला कुणी तुम्ही म्हणत नाही. मूल चिडलं, रुसलं, भांडलं तरी आईला तूच म्हणतं. मेजर पाणी प्यायली आणि तिनं पेला परत दिला.

चार दिवसांनी ती ठकूला घेऊन निघाली. तिची नेमणूक आता मोठ्या लष्करी इस्पितळात होती, मागेच क्वार्टर मिळालं होतं. या खेपेला कागद वन्संनी लिहून दिला होता, मागचापुढचा भरून. दूध कोमटच लागतं. गडगडलं की कपाटाला टेकून बसते. हट्ट करते तेव्हा भूक लागलेली असते, रागावू नये. कागद देताना वन्सं म्हणाल्या, "आता मी फोन करणार नाही. तूही करू नकोस. माझा आवाज ऐकला की तिचा जीव इकडे ओढ घेईल. जखम धरायला लागली की खपली काढू नये, हे मी तुला सांगायला नको."

क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, लांब गॅलरी. मेजरनं ठकूसाठी खिडकीजवळ पलंग टाकला, भिंतीला पिवळा रंग लावून घेतला. ठकू रडली नाही. तेच वाईट होतं. ती पाहुण्यासारखी राहत होती. फ्रिज उघडू का, विचारायची. सकाळी उठून इवल्याशा हातांनी चादरीची घडी घालायची. चपला दाराशी जोडीनं ठेवायची, टोकं बाहेर करून. इस्पितळाच्या पाळणाघरातल्या बाई म्हणायच्या, "इतकं शहाणं मूल मी पाहिलं नाही, मॅडम."

आई म्हणायला ती पंधरा दिवसांत शिकली. "आई, तुम्ही किती वाजता येणार?" "आई, मी पाणी घेऊ का?"

"ठकू," एकदा तिची वेणी घालता घालता मेजर म्हणाली, "आईला तू म्हणायचं असतं."

ठकूनं थोडा विचार केला. "बरं. तुम्ही सांगाल तसं."

मेजरला हसू आलं आणि हसता हसता वेणीचे पेड हातातून सुटले.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी मेजरला जाग आली तर न्हाणीघरात पाण्याचा आवाज. ठकू बादलीत चादर बुडवून दोन्ही पायांनी तुडवत होती, ओठ निळे पडलेले. "चुकून ओली झाली," ती म्हणाली. "दुसऱ्यांकडे असं करायचं नसतं." त्यानंतर हे जवळजवळ रोजचं झालं. ताटातलं अन्न ती संपवायची, कारण टाकू नये असं शिकवलेलं होतं, पण घास गालात धरून बसायची. आणली तेव्हा वजन सतरा किलो होतं. सातव्या आठवड्यात साडेपंधरा.

मेजरनं रक्त तपासलं, जंतांचं औषध दिलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक होतं. शेवटी ती बालरोग विभागातल्या कर्नलसाहेबांकडे गेली. त्यांनी ठकूला तपासलं, तिच्याशी मांजरांवर गप्पा मारल्या आणि तिला बाहेर खेळायला पाठवलं. मग रिपोर्ट न उघडताच बाजूला सारले.

"ही पोर दुसऱ्या कुणाची असती, आणि तुझ्याकडे आणली असती, तर तू काय लिहिलं असतंस?"

मेजरनं बाजूला सारलेले रिपोर्ट पुन्हा पुढे ओढले.

"बोल ना. डॉक्टर आहेस."

"आईपासून तोडलेलं मूल," ती म्हणाली.

"सवय होईल तिला, असं मी म्हणू शकतो. होतेही कधीकधी. वर्ष जातं, दीड वर्ष जातं. तू इथं आहेस का तेवढी?"

ती नव्हती. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा आघाडीवर जायचं हे जवळजवळ ठरलेलं होतं. नोकरीतून मोकळं करा असा अर्ज तिनं परतल्या परतल्याच टाकला होता. भूलतज्ज्ञांची वानवा आहे आणि लिहून दिलेली सहा वर्षं शिल्लक आहेत, असं दोन ओळींत उत्तर आलं होतं. वन्संना तिनं तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. मग शेजारच्या औषधवाल्यांना केला. "दुकान उघडतच नाहीत हो आठ-आठ दिवस," ते म्हणाले. "विचारलं तर म्हणतात, माझेच डोळे दुखतायत."

शनिवारी मेजरनं ठकूला सांगितलं, "उद्या आपण आत्याकडे जातोय."

"किती दिवस?"

"राहायला."

ठकूनं पुढे काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गाडी सुटल्यावर तिनं डब्यातले पावाचे दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली आणि अजून आहे का म्हणून विचारलं. मेजरनं आपल्या वाटचा दिला. सात आठवड्यांत पोरीनं पहिल्यांदाच मागून खाल्लं होतं. ती खात असताना मेजर खिडकीबाहेर बघत राहिली.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. ठकू त्याच्याखालून वाकून आत पळाली. बाहेर मेजर बॅग हातात धरून उभी होती, तिला फक्त आवाज ऐकू येत होता. ठकू रडत होती. गळा फाडून, श्वास कोंडून, आणि वन्संना मारत असावी, कारण कपड्यावर पडणाऱ्या धपाट्यांचा आवाज येत होता. "तू का नाही आलीस? तू का नाही आलीस? तू का नाही आलीस?"

किती वेळानं तरी वन्सं बाहेर आल्या. निम्म्या झाल्या होत्या. डोळ्यांवर नेहमीचा चष्माही नव्हता.

"कशाला आणलीस?" त्या म्हणाल्या. "काळजावर दगड ठेवला होता मी. एकदा ठेवता येतो. परत परत नाही ठेवता येत गं."

"वन्सं, ती तुमचीच आहे."

"माझी नाही. मी मागितली नव्हती. तू ठेवायला दिली होतीस, मी ठेवली."

"मला माहीत आहे."

"मग ऐक. वर्षभरानं, दोन वर्षांनी, तुझी नोकरी सुटल्यावर पुन्हा न्यायला येणार असशील, तर आत्ताच घेऊन जा. दारातूनच जा. तिला एकदा तू सोडलंस, एकदा मी सोडलं. तिसऱ्यांदा तिला कुणी सोडायचं नाही."

मेजरला वाटलं होतं, काहीतरी मधलं निघेल. सुट्ट्यांत तिच्याकडे, शाळा इकडे, असं काहीतरी. वाटेत तिनं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. आता वन्संच्या तोंडाकडे बघून तिला कळलं की मधलं काही नाही.

"नाही येणार न्यायला," ती म्हणाली. "भेटायला येईन, तुम्ही बोलवाल तेव्हा."

वन्संनी तिला जवळ घेतलं. दोघी तशाच पायरीवर उभ्या राहिल्या. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी दुकान उघडं आहे का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो पुढे गेला. आतून ठकूचे हुंदके हळूहळू कमी होत गेले. निघताना मेजर या वेळी मागच्या दारानं गेली नाही. आत जाऊन ठकूसमोर बसली आणि म्हणाली, "मी जातेय. तू इथंच राहायचंस, कायमची." ठकूनं डोळे पुसले आणि मान हलवली. मग तिनं मेजरच्या गालाची पापी घेतली. सात आठवड्यांतली ती पहिली पापी होती. आभाराची होती, हे मेजरला समजलं.

नवऱ्याला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा जहाज कुठल्याशा बंदरात लागलेलं होतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "सुट्टीची चिठ्ठी फाडून द्यावी तशी देऊन टाकलीस तू पोर. मला विचारलंससुद्धा नाही."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो. म्हणालो असतो."

तीन आठवडे त्याचा फोन आला नाही. मग चार ओळींचं पत्र आलं. तू बरोबर केलंस, असं त्यात होतं, आणि मला ते कधी आवडणार नाही, असंही होतं. पुढे सुट्टीवर आला तेव्हा त्यानं दारात सलाम ठोकला नाही. चहा स्वतःच करून घेतला, तिलाही दिला. ते दोघं वेगळे झाले नाहीत. वर्षातून महिनाभर एकत्र राहायचे आणि ठकूचं नाव निघालं की दोघांतलं एक जण उठून गॅलरीत जायचं.

मेजर दोनदा आघाडीवर जाऊन आली, कर्नल झाली. ठकू सगळ्यांसारखीच तिला मेजर म्हणायची. वन्संनी तिला सगळं खरं सांगितलं होतं आणि तिनं ते समजून घेतलं होतं, पण कुणी कुणाला काय म्हणायचं यात फरक पडला नव्हता. दहा वर्षांची झाल्यापासून ती स्वतःच रविवारी फोन करायची. असाच एक फोन आला तेव्हा मेजर शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, टोपी घालून उभी होती.

"मेजर, एक विचारायचं होतं. नव्या शाळेचा फॉर्म आहे. आईचं नाव कुणाचं लिहू? आई म्हणते तुमचं लिही."

"तुला कुणाचं लिहायचंय?"

"मला आईचं लिहायचंय. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणाली ती."

"नाही वाटणार," मेजर म्हणाली. सुई टोचण्याआधी, मुंगी चावल्यासारखं होईल हं, असं तिनं हजारो माणसांना सांगितलं होतं, त्याच आवाजात. "तिचंच लिही. शाळेला लागेल ते पत्र मी पाठवते."

"बरं." कागद सरकल्याचा आवाज आला. "खाली अजून एक रकाना आहे. अडीअडचणीला आईखेरीज कुणाला कळवायचं. तिथं तुमचं लिहू?"

"हो. लिही की."

ठकूनं रकान्यातलं पुन्हा पुटपुटत वाचलं. "पण तिथं लगेच येऊ शकेल असं माणूस लागतं. आमच्या बाईंनी सांगितलंय. आणि फोनही लागायला हवा. तुमचा कधीकधी लागत नाही ना."

"नाही लागत."

"मग काय करू?"

"शेजारच्या औषधवाल्या काकांचं लिही," मेजर म्हणाली. "ते दिवसभर दुकानात असतात."

ठकूनं नंबर तोंडानं म्हणत म्हणत लिहिला. मग पोहायला शिकत असल्याचं सांगितलं, पाण्याखाली आता वीसपर्यंत मोजता येतं म्हणाली. तेवढ्यात आतून नर्सनं दार ढकललं, पेशंट टेबलावर घेतला होता.

"ठकू, मला आत जावं लागेल."

"हो, जा तुम्ही," ठकू समजुतीनं म्हणाली, आणि मेजर काही बोलायच्या आत तिनंच फोन ठेवला.